एरियाचं नाव आणि एरियातला धोका: उपनगरात घर घेण्याआधी काय बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. परळला चाळीत भाड्याने राहता, बजेट साठ लाखांच्या आत. पत्नी हॉस्पिटलमध्ये शिफ्टने काम करतात, सेकंड शिफ्ट असली की घरी पोचायला रात्रीचे साडेअकरा. मुलगी नववीत, आई सत्तरीच्या. दोन घरं नजरेत आहेत: डोंबिवली पूर्वेला एमआयडीसीच्या बाजूचा रीसेलचा वन बीएचके आणि बदलापूर पश्चिमेला नव्या इमारतीतला टू बीएचके. नातेवाईक सांगतात, ‘डोंबिवलीच घ्या, आपली माणसं आहेत. बदलापूर आता बदनाम झालंय.’ आणि तुम्ही विचारता, की एरिया खरंच सुरक्षित आहे का, हे पैसे देण्याआधी कळायचं कसं?

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. ठाण्यापासून कर्जतपर्यंतच्या पट्ट्यात वीसहून अधिक वर्षं बँकांसाठी घरांचं मूल्यांकन करते. कर्ज मंजूर होण्याआधी इमारत आणि परिसर प्रत्यक्ष बघून अहवाल द्यायचा, हे माझं काम. त्या अनुभवावरून आधी एकच गोष्ट सांगते, बाकीचं उत्तर तिच्यातूनच निघेल. आपल्याकडे एरियाचं नाव तिथे राहणाऱ्या माणसांवरून पडतं. पण या पट्ट्यात माणसांचे जीव जातात ते बहुतेक वेळा इमारत, पाणी, कारखाना, रस्ता आणि लोकल यांच्यामुळे. घर घेणारे चौकशी करतात ती मात्र माणसांची.

डोंबिवलीचंच घ्या. सुशिक्षितांचं, वाचणाऱ्या-गाणाऱ्यांचं गाव म्हणून तिचं नाव आहे आणि ते खोटं नाही. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर जमणारी तरुणाई आणि गुढीपाडव्याची शोभायात्रा ही डोंबिवलीने महाराष्ट्राला दिलेली देणगी आहे. याच डोंबिवलीच्या एमआयडीसीत २६ मे २०१६ ला एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला आणि बारा माणसं गेली. २३ मे २०२४ ला दुसऱ्या कारखान्यात पुन्हा तसाच स्फोट झाला, पुन्हा माणसं गेली, आणि लांबलांबच्या इमारतींच्या काचा फुटून लोक जखमी झाले. आठ वर्षांच्या अंतराने, त्याच वसाहतीत. गावाचं नाव चांगलं असल्याने त्या काचा फुटायच्या थांबल्या नाहीत.

आता मुंब्रा. नाव काढलं की लोकांच्या कपाळावर आठ्या पडतात. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी मुस्लिम कुटुंबं इथे येऊन राहिली, आणि तेव्हापासून या गावावर जो शिक्का बसला तो पुसलेला नाही. मुंब्र्याजवळ शीळफाट्याला ४ एप्रिल २०१३ रोजी ७४ माणसं मेली. ती कुणा गुंडाच्या हातून मेली नाहीत. परवानगी नसताना काही महिन्यांत उभी केलेली, काम चालू असतानाच माणसं राहायला आणलेली इमारत कोसळली. मुंब्र्यात घर घेणाऱ्याला मी सांगते, की शेजाऱ्यांचा धर्म विचारू नका, इमारतीचा नकाशा कुणी मंजूर केला ते विचारा.

म्हणून ‘आपली माणसं आहेत’ या वाक्याबद्दल स्पष्ट बोलते. ओळखीची भाषा, सणवार, आईंना बोलायला समवयस्क बायका, हे सुख मोठं आहे आणि ते हवंसं वाटण्यात काही चुकीचं नाही. पण ते सुख आहे, सुरक्षितता नाही. ‘वस्ती चांगली आहे’ असं एजंट म्हणतो तेव्हा त्याला बहुतेक वेळा ‘तुमच्या जातीधर्माचे लोक आहेत’ एवढंच म्हणायचं असतं. ते ऐकून गिऱ्हाईक निर्धास्त होतं आणि ओसी, म्हणजे इमारत राहण्यायोग्य असल्याचं भोगवटा प्रमाणपत्र, विचारायचं विसरतं. असे सौदे मी पाहिले आहेत. आणि ज्यांना केवळ आडनावावरून घर नाकारलं गेलं, अशीही कुटुंबं मी पाहिली आहेत. तुमच्या मुलीला रात्री क्लासवरून येताना उजेड असलेला रस्ता लागणार आहे. तो उजेड कुणाच्या आडनावातून येत नाही.

बदलापूरचंही तसंच. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या शाळेत लहान मुलींवर जो लैंगिक अत्याचार झाला त्याने सगळा महाराष्ट्र हादरला, लोक रुळांवर उतरले. त्यानंतर कित्येकांनी मला विचारलं, ‘मॅडम, बदलापूर नकोच ना?’ असे गुन्हे एका गावाचे नसतात, ते कुठल्याही नामांकित गावात घडू शकतात. त्या घटनेतून घर घेणाऱ्याने घ्यायची गोष्ट वेगळी आहे. पालकांना तक्रार नोंदवून घेण्यासाठी तासन्‌तास थांबावं लागलं आणि त्यावरून पोलिसांवर कारवाई झाली. तेव्हा आपल्या भागातलं पोलीस ठाणं तक्रारदाराला कसं वागवतं, आणि मुलगी ज्या शाळेत जाणार तिथे कोण कुणावर लक्ष ठेवतं, हे बघा. हे प्रश्न डोंबिवलीतही विचारा.

गुन्ह्यांची माहिती कुठून काढायची, हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावे लागतात. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर पोलीस ठाणं आणि तारीख निवडली की त्या काळातले एफआयआर उघडतात. लैंगिक गुन्हे आणि इतर संवेदनशील प्रकरणं त्यात नसतात, हे ध्यानात ठेवा. आधी आपलं घर कुठल्या ठाण्याच्या हद्दीत येतं ते नक्की करा. डोंबिवली पूर्वेत स्टेशनच्या बाजूला रामनगर, पुढे टिळकनगर आणि कल्याण-शीळ रस्त्याकडे मानपाडा. बदलापूर पूर्व आणि पश्चिमेला वेगवेगळी ठाणी आहेत, दोन्ही ठाणे शहर आयुक्तालयात. आणखी पुढे सरकलात तर वांगणी ठाणे ग्रामीण पोलिसांकडे जातं आणि नेरळ रायगडकडे. स्वस्त घरासाठी एक-दोन स्टेशन पुढे जाताना पोलीस दलही बदलतं, हे कुणी सांगत नाही.

एफआयआर उघडल्यावर आकडा मोजत बसू नका. ठाण्याचा गुन्हा रजिस्टर नंबर दर वर्षी एकपासून सुरू होतो, त्यामुळे डिसेंबरच्या शेवटच्या एफआयआरचा नंबर बघितला की वर्षभराचा एकूण आकडा कळतो. पण त्या आकड्यात जुगार, दारू, अपघात सगळं येतं, आणि मानपाड्यासारख्या ठाण्याची हद्दच प्रचंड आहे. शिवाय जिथे तक्रार लगेच लिहून घेतात तिथे आकडा फुगतो, जिथे फिर्यादीला चार हेलपाटे घालायला लावतात तिथे आकडा गोंडस दिसतो. खरा उपयोग मजकूर वाचण्यात आहे. दोन-तीन महिन्यांचे घरफोडीचे एफआयआर सलग वाचा. ‘अज्ञात इसमाने कडी-कोयंडा तोडून’ हे वाक्य पुन्हा पुन्हा भेटेल. ते कुठल्या रस्त्यावर, किती वाजता, दिवसा की रात्री, बंद फ्लॅटमध्ये की घरात माणसं असताना, एवढं वहीत लिहून काढा. सोनसाखळी चोरीचं ठिकाण आणि वेळ लिहा. तासाभरात एक नकाशा डोळ्यांसमोर येतो. बहुतेक वेळा असं दिसतं, की धोका अख्ख्या एरियात नसून दोन-तीन ठरावीक रस्त्यांवर, ठरावीक वेळी असतो.

स्टेशनवरच्या आणि गाडीतल्या चोऱ्या या हिशेबात येत नाहीत. त्या लोहमार्ग, म्हणजे रेल्वे, पोलिसांकडे नोंदवल्या जातात. म्हणजे रोज लोकलने जाणाऱ्या बाईचा मोबाइल जिथे जाण्याची सर्वांत जास्त शक्यता, ती जागा एरियाच्या आकड्यातून बाहेरच राहते. आणखी खोलात जायचं असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. ‘मागील तीन वर्षांतील घरफोडी, जबरी चोरी, वाहनचोरी व विनयभंगाच्या गुन्ह्यांची बीटनिहाय संख्या आणि उघडकीस आलेल्या गुन्ह्यांची संख्या’ असा नेमका मजकूर लिहा. तीस दिवस थांबायची तयारी नसेल, तर तीस वर्षं राहायचं घर घेताना एवढी घाई कशासाठी, हे घरात बसून ठरवा.

कागद झाला, आता पाय. घर बघायला लोक रविवारी सकाळी अकराला जातात. त्या वेळी प्रत्येक एरिया चांगला दिसतो. तुमच्या पत्नी ज्या गाडीने येणार त्याच गाडीने, कामाच्या वारी, दोघं मिळून जा. लेडीज डब्यातून त्यांनी यावं, तुम्ही जनरलमधून. उतरल्यावर कुठला पूल उघडा असतो, कुठल्या जिन्याखाली गर्दुल्ले बसलेले असतात, तिकीट खिडकीबाहेर उजेड आहे का, ते बघा. मग रिक्षा. शेअर रिक्षाची रांग रात्री किती वाजता मोडते हा माझ्या दृष्टीने फार महत्त्वाचा प्रश्न आहे. दिवसा वीस-तीस रुपयांत जाणारी सीट रात्री अकरानंतर मिळत नाही, मग स्पेशल करावी लागते, आणि रिक्षावाला ‘तिकडे येत नाही’ म्हणाला तर बाई रस्त्यावर उभी राहते. डोंबिवली स्टेशनपासून एमआयडीसीचा निवासी भाग चालत जाण्याच्या अंतरावर नाही. बदलापूर पश्चिमेला नव्या इमारती तर स्टेशनपासून दूर सरकतच चालल्या आहेत. रांगेत उभ्या असलेल्या बायकांनाच विचारा. रात्री अकराला रिक्षाच्या रांगेत उभी असलेली बाई तुम्हाला जेवढं खरं सांगेल तेवढं कुणी सांगणार नाही.

उरलेला रस्ता चालत जा. दिवे आहेत का, यापेक्षा लागलेले आहेत का ते बघा. दुकानं कुठली उघडी आहेत? मेडिकल, डेअरी, पोळीभाजी केंद्र रात्री साडेदहापर्यंत चालू असेल तर त्या रस्त्यावर घरी परतणाऱ्या माणसांची ये-जा आहे. फक्त बार आणि पानटपरी उघडी असेल तर गर्दी वेगळी आहे. एका बाजूला मोकळ्या प्लॉटची पत्र्याची भिंत आणि दुसऱ्या बाजूला नाला असा दोनशे मीटरचा तुकडा वाटेत असेल, तर तो तुकडा लक्षात ठेवा. घराची किंमत त्या तुकड्यावरून ठरवा, असं मी म्हणेन. खिडक्यांच्या ग्रिलवरून काही अनुमान काढू नका, ती आपल्याकडे सगळीकडेच असतात. त्यापेक्षा रात्री दहाला सोसायटीच्या आवारात म्हाताऱ्या बाया बाकावर बसलेल्या आहेत का, पोरांच्या सायकली कुलपाशिवाय पडल्या आहेत का, ते बघा.

तिथेच उभं राहून एक काम करा: इमारतीच्या उजळलेल्या खिडक्या मोजा. बदलापूर, टिटवाळा, वांगणी या बाजूला गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप लावून ठेवलेले फ्लॅट खूप आहेत. साडेआठ-नऊ वाजता अर्ध्याहून जास्त खिडक्या काळ्या असतील, तर ती इमारत विकली गेलेली असली तरी वसलेली नाही. अशा इमारतीत घरफोडी करणाऱ्याला मजल्यावर विचारणारं कुणी नसतं. मेंटेनन्स थकतो, मग वॉचमन एकच उरतो, मग लिफ्ट बंद पडते, आणि सत्तरीच्या आईंना पाचव्या मजल्यावरून खाली येणं बंद होतं. खात्री करायची असेल तर मीटर रूममध्ये जा. किती मीटर चालू आहेत आणि किती जागच्या जागी थांबलेत, हे तिथे दिसतं. मी मूल्यांकनाला गेले की मीटर रूम बघितल्याशिवाय निघत नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटा. सीसीटीव्ही आहे का, असं विचारलं तर उत्तर ‘हो’ येणारच. ‘गेल्या गुरुवारचं रात्री नऊचं रेकॉर्डिंग दाखवता का?’ असं विचारा. थकबाकी किती, भाडेकरूंची पोलीस नोंद होते का, वॉचमन एजन्सीचा की सोसायटीचा, गेल्या वर्षभरात ११२ ला फोन करायची वेळ कुणावर आली का आणि गाडी किती वेळात पोचली, हे सहज गप्पांत विचारून घ्या.

माणसांना विचारताना एक लक्षात ठेवा. ज्याचं स्वतःचं घर आहे तो एरियाला वाईट म्हणणार नाही, कारण त्याच्या घराचा भाव त्या नावावर उभा आहे. भाडेकरू खरं बोलतो, वर्षभरात त्याला सगळं दिसलेलं असतं आणि लपवायचं काही नसतं. शाळेच्या व्हॅनचे चालक, रात्री दुकान बंद करणारी पोळीभाजीवाली मावशी, मेडिकलवाला, आणि तुमच्या मुलीच्या वयाच्या मुली, यांना विचारा. ‘एरिया कसा आहे?’ असं नको, त्याला सगळे ‘चांगला आहे’ म्हणतात. ‘दुकान बंद करून तुम्ही घरी कशा जाता?’ ‘क्लासवरून येताना कुठल्या रस्त्याने येत नाहीस?’ असं विचारा. मुलगी कुठला रस्ता टाळते, हे तिच्या आईबापांनाही माहीत नसतं.

आता इमारत. घर घेणाऱ्यांनी सर्वांत जास्त घाबरायला हवं ते इथे, आणि इथेच लोक सर्वांत जास्त भोळे असतात. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारती महापालिकेच्या बनावट परवानग्यांवर उभ्या राहिल्या आणि त्याच बनावट कागदांवर महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणीही मिळवली गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. त्यात राहणाऱ्या कुटुंबांनी पैसे भरले होते, कर्ज काढलं होतं, रेराचा नंबर बघितला होता. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्पासाठी आणि डम्पिंगसाठी आरक्षित असलेल्या जागेवरच्या ४१ इमारती २०२५ च्या सुरुवातीपर्यंत पाडल्या गेल्या आणि माणसं सामानासकट रस्त्यावर आली. विरारला ऑगस्ट २०२५ मध्ये एक बेकायदा इमारत रात्री कोसळली, १७ जण गेले. ही सगळी नोकरी करणारी, हप्ते भरणारी, तुमच्या-आमच्यासारखी माणसं होती. हे लिहिताना मला राग येतो. फसवणाऱ्याला घर विकून पुढे जाता येतं, घेणाऱ्याला मात्र त्याच छताखाली झोपायचं असतं.

त्यामुळे रेराचा नंबर बघून थांबू नका. सीसी, म्हणजे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, त्यावरचा जावक क्रमांक आणि तारीख घेऊन महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या नगररचना विभागात स्वतः जा आणि हा क्रमांक त्यांच्या नोंदीत आहे का ते विचारा. एजंटच्या हातातल्या झेरॉक्सवर विश्वास ठेवू नका, मूळ नोंद कार्यालयात असते. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, त्याचीही तशीच खातरजमा करा. ‘ओसी येईलच’, ‘ग्रामपंचायतीची परवानगी आहे’, ‘सगळेच राहतात ना’ ही तीन वाक्यं ऐकू आली की तिथून उठा. डोंबिवलीच्या आसपासच्या २७ गावांच्या हद्दीत ग्रामपंचायतीच्या परवानगीचं वाक्य फार ऐकू येतं. विकास आराखड्यात त्या प्लॉटवर आणि शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर काय आरक्षण आहे, ते त्याच फेरीत बघून घ्या.

तुमचं डोंबिवलीचं घर रीसेलचं आहे, म्हणून इमारतीचं वय विचारा. तीस वर्षं ओलांडलेल्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे, तो अहवाल मागा आणि त्यातली वर्गवारी बघा. सी-१ म्हणजे राहण्यास अतिधोकादायक. वय कमी असलं तरी निर्धास्त होऊ नका. उल्हासनगरमध्ये नव्वदच्या दशकात उलवा नावाच्या हलक्या प्रतीच्या रेतीने बांधलेल्या इमारतींचे स्लॅब २०२१ मध्ये एकामागून एक कोसळले, एका मजल्यावरचा स्लॅब खालचे सगळे घेऊन गेला. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते, ती वाचा. टॉयलेटच्या छताला गळती, बाल्कनीच्या तुळईला उभी भेग, गंजून बाहेर आलेली सळई, हे दिसलं तर भाव कमी करून मागू नका, घरच सोडा.

पाणी. बदलापूर पश्चिम उल्हास नदीच्या काठी आहे. २६ जुलै २००५ ला काय झालं हे जुन्या माणसांना विचारा. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजारभर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. त्याच दिवशी नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पहिला मजला पाण्याखाली येईल की काय अशी स्थिती होती. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी शिरलं. हेंद्रेपाडा, रमेशवाडी, बॅरेज रोड ही नावं दर पावसाळ्यात बातम्यांत असतात. जलसंपदा विभाग नदीला दोन पूररेषा आखतो: निळी, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, आणि लाल, म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. तुमचा प्लॉट या रेषांच्या कुठल्या बाजूला आहे, हे कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या नगररचना विभागात विचारा. बिल्डरचा भराव इमारत वाचवतो, पण रस्ता पाण्याखाली गेला की आईंना दवाखान्यात न्यायचं कसं? आजूबाजूच्या जुन्या घरांच्या भिंतींवर पाण्याची रेघ शोधा, तळमजल्याच्या दुकानदाराला ‘इथपर्यंत आलं होतं का?’ असं विचारा, तो हात वर करून दाखवेल.

एमआयडीसीच्या बाजूच्या घराबद्दल माझं मत कडक आहे. रासायनिक कारखान्याच्या कुंपणाला लागून असलेलं घर मी स्वतःच्या माणसाला घेऊ देणार नाही, मग ते कितीही स्वस्त असो. धोकादायक कारखाने हलवण्याच्या घोषणा झाल्या आहेत, पण घोषणेच्या भरवशावर घर घेत नाहीत. जायचंच असेल तर पावसाळी रात्री बाराला आणि पहाटे पाचला तिथे जाऊन श्वास घेऊन बघा, वास त्या वेळी सोडला जातो अशी तिथल्या रहिवाशांची जुनी तक्रार आहे. आणि गॅलरीतून दिसणाऱ्या प्रत्येक चिमणीखाली काय बनतं, ते विचारा.

लोकल हाही एरियाचाच भाग धरा. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत प्रत्येकी दोन हजारांहून अधिक माणसं गेली. रूळ ओलांडताना, दारात लटकताना. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी पडले, ते तुम्ही वाचलंच असेल. या संख्येपुढे घरफोडी फार लहान दिसते. म्हणून घर ठरवताना तिथून सुटणाऱ्या लोकल किती आणि कुठल्या वेळेच्या, हे बघा. सकाळी आपल्या स्टेशनवरून सुटणाऱ्या गाडीत बसून जाणं आणि मधल्या स्टेशनवर भरलेल्या डब्याच्या दांडीला लटकणं, यात जिवाचा फरक आहे. कल्याणला मार्ग फुटतो, एक कर्जतकडे, एक कसाऱ्याकडे. त्यामुळे डोंबिवलीला रात्री गाडी चुकली तर पुढची लवकर येते, बदलापूरला थांबावं लागतं. शिफ्ट करणाऱ्या बाईसाठी डोंबिवलीच्या बाजूने हा खरा मुद्दा आहे, आपल्या माणसांचा नव्हे.

नावाचा परिणाम पैशांवर होतो, तेवढा तो विचारात घ्या. काही बँका काही भागांना, काही इमारतींना अंतर्गत यादीत ‘निगेटिव्ह’ धरतात, म्हणजे तिथे कर्ज द्यायचं टाळतात. त्यामागे कधी कागदपत्रांची अडचण असते, कधी वसुलीची, आणि कधी निव्वळ पूर्वग्रह. दोन-तीन बँकांत जाऊन ‘या इमारतीत कर्ज दिलंय का?’ असं विचारा. सगळ्यांनी नाही म्हटलं तर कारण इमारतीत आहे. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये त्याच इमारतीतल्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराचा गोषवारा, बघता येते. घेतल्यापासून दोन-तीन वर्षांत बरेच लोक विकून गेलेले दिसले तर त्यातल्या कुणाला तरी गाठून का गेलात ते विचारा. उलटही घडतं. कल्याणचं आधारवाडी डम्पिंग ग्राउंड २०२१ मध्ये बंद झालं, पण ‘आधारवाडी म्हणजे वास’ हे लोकांच्या डोक्यातून जायला वेळ लागतो आहे. अशा ठिकाणी नाव मागे राहिलेलं आणि परिस्थिती पुढे गेलेली असते, आणि कागद चोख असतील तर तिथे चांगलं घर रास्त भावात मिळतं.

तुमच्या दोन घरांपैकी आजच्या घडीला मी एकालाही हो म्हणणार नाही. डोंबिवलीचं घर एमआयडीसीपासून लांब, स्टेशनच्या रिक्षा रांगेच्या टप्प्यात मिळत असेल आणि इमारतीचं ऑडिट ठीक असेल, तर लहान असूनही ते पत्नींच्या शिफ्टसाठी बरं. बदलापूरचं घर पूररेषेबाहेर असेल, ओसी हातात असेल, निम्म्याहून अधिक खिडक्या उजळत असतील, तर आई आणि मुलीला दुसरी खोली मिळेल आणि नातेवाईकांचं ‘बदनाम’ मनावर घ्यायचं कारण नाही. शक्य असेल तर त्याच एरियात अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहा, आणि त्यात जुलै महिना येऊ द्या. परळचं भाडं तसंही भरताच आहात.

टोकन देण्याची वेळ आली तर रोख देऊ नका. चेकने द्या, आणि साध्या कागदावर का होईना, लिहून घ्या: ‘मंजूर नकाशा, सीसी व ओसीची कार्यालयात खातरजमा न झाल्यास किंवा बँकेने इमारतीच्या कारणावरून कर्ज नाकारल्यास ही रक्कम पंधरा दिवसांत परत करण्यात येईल.’ खाली विकणाऱ्याची सही. सही करायला तो का-कू करू लागला, तर चेकबुक परत पिशवीत ठेवा आणि पुढचं घर बघा.